कुंपण आणि हिरवा दिवा

लग्नानंतरच्या पहिल्याच पर्युषणात सासूबाईंनी माझ्या हातात एक वही ठेवली. ‘परिग्रह-परिमाण लिही,’ म्हणाल्या. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं हे पाचवं व्रत. आपल्याकडे जास्तीत जास्त किती असावं, हे आपणच ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि मग त्यापलीकडे जायचं नाही. शेत-घर, सोनं-चांदी, धन-धान्य, भांडी-कपडे असे रकाने त्यांनीच पेन्सिलीनं आखून दिले होते. मी नवी नवरी. हात सैल सोडून लिहिलं. सोन्याच्या रकान्यात लिहिलं, ५० तोळे. तेव्हा अंगावरचं आणि पेटीतलं मिळून माझ्याकडे ११ तोळे होते.

सासूबाईंनी वही वाचली आणि हसल्या. ‘अगं, कुंपण शेजाऱ्याच्या शेतापलीकडं घातलंस की! मग बैल कशाला मोडतोय?’

ही बैलाची गोष्ट आमच्याकडे प्रवचनात नेहमी येते. व्रत एकदम मोडत नाही, त्याच्या चार पायऱ्या असतात: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. अमितगती आचार्यांनी त्यांच्या व्याख्या केल्या आहेत, पण लहान मुलांना कळावं म्हणून महाराज बैल सांगतात. एक म्हातारा बैल रस्त्यानं चाललाय. कुंपणाच्या आत हिरवंगार पीक डोलतंय. ते बघून त्याच्या मनात आलं, हे खायला मिळालं तर! हा अतिक्रम. मग तो वाट सोडून कुंपणाशी गेला आणि फटीतून तोंड आत घातलं. हा व्यतिक्रम. एक घास तोडला, हा अतिचार. आणि मग कुंपण मोडून आत शिरला, मनसोक्त चरला, बसला, हा अनाचार. गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे. इथल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

याच बैलाच्या पावलांवर पावलं टाकत मी दोन गोष्टी वाचल्या. एक अमेरिकेतली, १९२५ सालची, कल्पित. दुसरी आमच्या घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर घडलेली, तिच्या शंभर वर्षं आधीची आणि अक्षरन्‌अक्षर खरी. पहिली मी दुसरीच्या पायरीवर बसून वाचली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

कोठीच्या विमेन्स कॉलेजात मी बी.ए. केलं. हे कॉलेज १९४९ पासून जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या इमारतीत भरत असे. उंच खांब, रुंद पायऱ्या आणि दोन बाजूंना दोन दगडी सिंह. आम्ही मुली त्या सिंहांना टेकून डबे खायचो. तिथंच मी फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ वाचली. इंग्रजी कच्चं होतं, अर्धी कादंबरी डोक्यावरून गेली. परीक्षेला प्रश्न ठरलेला असायचा: कादंबरीतील प्रतीके आणि नैतिक ऱ्हास. आम्ही गाइडातून पाठ करून लिहायचो. हिरवा दिवा म्हणजे आशा, राख म्हणजे ऱ्हास, चष्मा म्हणजे देव. दहा मार्कांची तीन प्रतीकं.

प्रतीक अशी पाठ करायची वस्तू नसते, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. आमच्या गौलीगुड्याच्या बसस्टँडवर एक भलंमोठं अर्धगोल पोलादी छत होतं. अमेरिकेत बनलेलं, मुळात विमानांच्या हँगरसाठीचं. निजामाच्या काळात १९३० च्या सुमारास ते इथं उभं राहिलं आणि १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली तेव्हा तिच्या कामी आलं. आम्ही त्याखालून हजारदा गेलो असू, मान वर करून कधी बघितलं नाही. ५ जुलै २०१८ ला ते कोसळलं. नशिबानं कुणाला इजा झाली नाही. पण त्या दिवशी सगळा गौलीगुडा बघायला लोटला आणि ज्याला त्याला त्या पत्र्यात आपापलं काहीतरी दिसायला लागलं. वस्तू तीच असते. आपण तिच्याकडे कशासाठी बघतो, त्यावरून ती प्रतीक होते.

आता कादंबरीकडे पुन्हा बघू. काळ १९२२ च्या उन्हाळ्यातला, जागा न्यूयॉर्कजवळची खाडी. खाडीच्या एका काठावर पिढीजात श्रीमंत राहतात, दुसऱ्या काठावर नवश्रीमंत. नव्यांपैकी गॅट्स्बी हा तरुण. याचा वाडा राजवाड्यासारखा, दर आठवड्याला मेजवान्या, शेकडो लोक येतात, आणि यजमान कोण हे बहुतेकांना माहीतही नसतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. कायदा कागदावर होता आणि दारू सगळ्यांच्या पेल्यात. गॅट्स्बीचा पैसा त्यातूनच आलेला, शिवाय बनावट रोख्यांच्या धंद्यातून. हे सगळं त्यानं कशासाठी केलं? खाडीपलीकडे राहणाऱ्या डेझीसाठी. गरीब असताना ती त्याला मिळाली नव्हती आणि तिनं टॉम नावाच्या गर्भश्रीमंताशी लग्न केलं होतं. तिच्या घराच्या धक्क्यावर रात्री एक हिरवा दिवा जळतो. गॅट्स्बी आपल्या काठावरून त्या दिव्याकडे हात पसरून उभा राहतो.

पन्नाशीत हे पान पुन्हा वाचताना मी थबकले. अरे, हा तर आपला बैल! कुंपणापलीकडचं हिरवं बघतोय. गाइडात ‘आशा’ लिहिलं होतं. आमच्या शास्त्रात याला अतिक्रम म्हणतात. अजून पाऊल उचललेलं नाही, पण मन वाटेवरून उतरलंय.

दोन्ही काठांवरून शहराकडे जाताना मध्ये राखेचं माळरान लागतं. हे फिट्झजेराल्डनं मनानं रचलेलं नाही. क्वीन्स भागात कोरोना इथं शहरभरच्या भट्ट्या-शेगड्यांची राख आणून ओतत, तिचे डोंगर साचले होते. पुढे त्याच जागेवर १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं. कादंबरीत या राखेत विल्सन नावाचा गरीब गॅरेजवाला राहतो. त्याच्या बायकोशी टॉमचे संबंध असतात. शेवटी डेझीच्या हातून गाडीखाली तीच बाई मरते. गॅट्स्बी आळ स्वतःवर घेतो. टॉम विल्सनला गॅट्स्बीकडे बोट दाखवतो, विल्सन गॅट्स्बीला गोळी घालतो आणि स्वतःलाही. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात. मेजवान्यांना येणाऱ्या शेकडोंपैकी अंत्यविधीला जवळजवळ कुणीच फिरकत नाही.

राखेच्या माळावर एक जुना जाहिरातीचा फलक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरचा. नुसते दोन प्रचंड डोळे आणि चष्मा. विल्सन दुःखानं वेडा झाल्यावर त्यांना देवाचे डोळे समजतो. आमच्या धर्मात वर बसून निवाडा देणारा देव नाही, जो तो आपापलं कर्म बांधतो आणि आपणच भोगतो. म्हणून की काय, मला त्या फलकाची भीती वाटली ती वेगळीच. ते डोळे सगळं बघतात आणि हिशेब काहीच ठेवत नाहीत.

पण मला सगळ्यात लागलेली वस्तू गाइडात नव्हतीच. गॅट्स्बी मेल्यावर त्याचा गरीब बाप येतो आणि मुलाचं लहानपणचं एक पुस्तक दाखवतो. त्याच्या मागच्या पानावर पोरानं आपली दिनचर्या आणि नियम लिहिलेत. व्यायाम, अभ्यास, तंबाखू बंद, आईबापांशी नीट वागायचं. आणि एक नियम बचतीचा: आठवड्याला पाच डॉलर. मग ‘पाच’ खोडून ‘तीन’ केलेत. हेही एक व्रतच होतं की. दारू, रोखे, वाडा सगळं नंतरचं. आकडा पहिल्यांदा खोडला गेला तो या वहीत, एका निर्मळ मुलाच्या हातून, आणि तेही स्वतःला झेपेल इतकंच ठरवावं अशा प्रामाणिक विचारानं. तोच मुलगा मोठेपणी कुठवर गेला, ते आपण बघितलं.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला मला त्या सिंहांकडे परत जावं लागेल.

रेसिडेन्सीची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स कर्कपॅट्रिक या रेसिडेंटनं बांधवली. पैसा निजामाचा. कर्कपॅट्रिकनं हैदराबादच्या खैरुन्निसाशी लग्न केलं होतं. ती पडद्यात. ही इमारत तिला हिंडून बघता येणार नाही म्हणून तिच्या जनान्याच्या बागेत त्यानं वाड्याची छोटी प्रतिकृती करून ठेवली, असं सांगतात. तो १८०५ मध्ये वारला. पुढे १८११ मध्ये त्या गादीवर हेन्री रसेल आला. कर्कपॅट्रिकच्या मृत्यूनंतर याच रसेलनं तरुण विधवा खैरुन्निसाला जवळ केलं आणि मग सोडून देऊन दुसरीकडे लग्न केलं. ती १८१३ मध्ये गेली. डेझी-टॉमसारखी माणसं आपल्याकडेही होऊन गेलीत, एवढंच इथं सांगते.

रसेलच्या कारकिर्दीत, १८१४ च्या सुमाराला, रेसिडेन्सीच्या सावलीत एक पेढी भरभराटीला आली: विल्यम पामर आणि कंपनी. मराठी कानाला हे नाव ऐकून हसू येतं. पामर म्हणजे दीन, क्षुद्र. हा पामर मात्र दीन नव्हता, पण पुरता साहेबही नव्हता. बाप इंग्रज जनरल, आई मुसलमान बेगम. आई-बापांपैकी एक हिंदी असेल तर कंपनीच्या बड्या नोकऱ्यांची दारं तेव्हा बंद होती. म्हणून तो निजामाच्या फौजेत राहिला आणि मग सावकारीत उतरला. त्याच्या जोडीला बंकटीदास हा गुजराती सावकार होता. हुशार, दिलदार, फारसी जाणणारा, पंगतीला पंगत उठवणारा माणूस. खाडीच्या चुकीच्या काठावर जन्मलेला. गॅट्स्बी वाचताना मला तो सारखा आठवतो.

कुंपण होतं. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १७९७ मध्ये कायदा केला होता की कुणाही युरोपीयनानं परवानगीशिवाय हिंदी राजेरजवाड्यांना कर्ज द्यायचं नाही. कारण उघड होतं. मद्रासेकडे अर्काटच्या नवाबाच्या कर्जांनी काय अनर्थ झाला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण कुंपणाच्या आत निजामाचा खजिना होता आणि त्याला पैशाची नड होती. निजाम सिकंदर जाह कारभारातून अंग काढून बसलेला. खरी सूत्रं राजा चंदूलालच्या हाती. हाही वाईट माणूस नव्हे. कवी, गुणिजनांचा आश्रयदाता, दानशूर म्हणून नाव झालेला. फक्त दान बऱ्याचदा उसन्या पैशातलं. आणि इंग्रजांच्या हुकमतीखालची, निजामाच्या खर्चानं पोसलेली फौज दर महिन्याला पगार मागत होती.

मग बैल कुंपणाशी गेला. रेसिडेन्सीचा डॉक्टर आणि रेसिडेंटचा एक मदतनीस, दोघे पेढीत भागीदार झाले. म्हणजे ज्यांनी नजर ठेवायची तेच नफ्यात. पाठोपाठ सर विल्यम रम्बोल्ड आला. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं पोटच्या मुलीसारखी वाढवलेली. (हा हेस्टिंग्ज म्हणजे मार्क्विस, १८१३ ते १८२३ मधला. पाठ्यपुस्तकातला वॉरन हेस्टिंग्ज वेगळा.) रम्बोल्ड भागीदार झाला आणि १८१६ मध्ये कलकत्त्याहून पेढीला परवानगी आली: निजाम सरकारला कर्ज द्यायला हरकत नाही.

इथं मी फार वेळ थांबते. कायदा मोडला का? नाही. कायद्यातच ‘परवानगीशिवाय’ असं होतं आणि परवानगी मिळाली होती. कुंपण होतं तिथंच राहिलं, त्याला नुसतं एक फाटक बसलं. माझ्या वहीतले पन्नास तोळे आणि कलकत्त्याचा हा कागद यांत मला जातीचा फरक दिसत नाही, फक्त आकाराचा.

त्यानंतर घासामागून घास. वऱ्हाडातल्या घोडदळाचा आणि औरंगाबादच्या फौजेचा पगार पामरची पेढी भागवायची. औरंगाबादसाठी महिना दोन लाख रुपये. बदल्यात वऱ्हाडच्या परगण्यांचा वसूल पेढीकडे लावून दिलेला. व्याज शेकडा २५ च्या घरात. वसुलाचे ठेके जास्त बोली लावणाऱ्याला. त्यानं बोली वसूल करायची ती कुणब्याकडून. ठेकेदार पुढच्या वर्षी टिकेल याची खात्री नाही, म्हणून यंदाच पिळून घ्यायचं. हे आपलं राखेचं माळरान. मेजवान्या हैदराबादला, राख वऱ्हाडात आणि मराठवाड्यात.

मग १८२० चं साठ लाखांचं कर्ज. कारणं किती सुंदर होती: फौजेची थकबाकी फेडू, जुनी महाग देणी मिटवू, रयतेला तगाई देऊ. कलकत्त्याच्या कौन्सिलात मतभेद झाले तरी मंजुरी मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटी रसेल गेला आणि चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. रम्बोल्डशी त्याची आधीची दोस्ती होती. तरीही त्यानं वह्या मागवल्या. त्याला आढळलं ते असं: साठांतले आठ लाख भागीदारांना बक्षिशीदाखल, आणि उरलेल्यातला मोठा भाग म्हणजे जुनीच देणी नव्या पानावर. रुपया एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला होता आणि मध्ये निजामाच्या नावावर कर्ज चढलं होतं. आमच्याकडे सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ असा एक शब्द आहे, म्हणजे खोटा लेख करणं. तोंडानं एक अक्षर खोटं न बोलता वहीत खोटं बोलता येतं, हे ओळखणाऱ्यांनी तो शब्द घडवला असणार. आचार्यांना पेढ्या ठाऊक होत्या.

हेस्टिंग्ज मेटकाफवर चिडला. आपल्या माणसांवर चिखल उडवतो म्हणून. पण १८२३ च्या सुरुवातीला तो गेला आणि हिशेब मिटवायची वेळ आली. तो कसा मिटला, ते नीट बघण्यासारखं आहे. उत्तर सरकार हा समुद्रकाठचा मुलूख निजामानं पूर्वी कंपनीला दिला होता आणि त्यापोटी कंपनी त्याला वर्षाला सात लाख रुपये पेशकश देत असे. कायमचं उत्पन्न. आता कंपनीनं सांगितलं, हे सात लाख कायमचे बंद, त्याऐवजी एकरकमी घ्या. रक्कम ठरली १ कोटी १६ लाखांच्या वर. सात लाख हे सहा टक्क्यांनी ज्या मुद्दलाचं व्याज होतं, तेवढी. त्यातून पामरच्या पेढीचं देणं भागवलं. म्हणजे शेवटी सावकाराचे पैसे सावकाराला मिळाले, कंपनीची सात लाखांची वार्षिक कटकट मिटली, आणि राज्याची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत गेली. मेटकाफ स्वच्छ माणूस खरा, पण त्याचं औषधही निजामालाच महाग पडलं.

१८२४ मध्ये पेढीचं दिवाळं निघालं. त्याच वर्षी लंडनला या व्यवहाराचे सगळे कागद छापून निघाले, जाडजूड ग्रंथ. भागधारकांच्या सभेत भांडणं झाली, भाषणं झाली. सगळं सगळ्यांनी वाचलं. राखेवरचे ते दोन मोठे डोळे मला आठवतात ते इथं. हेस्टिंग्ज तोवर माल्टाचा गव्हर्नर झाला होता. रसेल इंग्लंडात स्वॅलोफील्डच्या घरी म्हातारा झाला. वऱ्हाडातल्या कुणब्याला कुणी काही परत दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

पामरचं कर्ज फिटलं, उसनवारीची सवय फिटली नाही. फौजेचा खर्च पुन्हा थकत गेला आणि २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. त्याबरोबर नळदुर्ग आणि रायचूरचा दुआबही. नळदुर्ग आणि दुआब १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड काही आलं नाही. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं दिलं गेलं. आणि नळदुर्ग जिल्हा १८५३ मध्ये ज्याच्या हवाली झाला, तो अधिकारी कोण? फिलिप मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक, विल्यम पामरचा जावई. त्यानं तिथं रस्ते-तळी केली, रयतेला त्याच्याबद्दल ममता होती. सासऱ्याबद्दल त्यानं आत्मचरित्रात आदरानंच लिहिलंय. पामर हैदराबादलाच राहिला आणि १८६७ मध्ये, ऐंशी वर्षं ओलांडून, वारला.

या गोष्टीत मी खलनायक शोधत होते. सापडला असता तर बरं झालं असतं. इंग्रजांनी लुटलं म्हटलं की आपण मोकळे. पण पेढीत बंकटीदास होता, गादीवर चंदूलाल होता, आणि पेढीत ठेवी ठेवणारे गोरे होते तसे शहरातले आपले सावकारही होते. रेसिडेन्सीच्या बाजारात मारवाडी, गुजराती दुकानं याच काळात वाढली. आमच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा हाच, व्यापार आणि सावकारी. रात्री जेवायचं नाही, पाणी गाळून प्यायचं, मुंगीला जपायचं, आणि व्याजाच्या दराला मात्र व्रत लागत नाही, असं मानणारी माणसं मी जवळून पाहिलीत. त्यांच्याच पैशावर मी वाढले. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. मूर्च्छा म्हणजे परिग्रह, असं सांगितलं. मूर्च्छित माणसाला आपण मूर्च्छित आहोत हे कळत नाही, म्हणून तर वही लागते. आणि वहीतला आकडाही मूर्च्छेतच लिहिला तर?

फिट्झजेराल्ड १९४० मध्ये गेला तेव्हा त्याची ही कादंबरी लोक विसरत चालले होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायच्या पुस्तकांत तिच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या आणि मग ती वाचली जाऊ लागली. मला वाटतं, खंदकातल्या त्या पोरांना प्रतीकं कुणी शिकवली नसतील. खाडीपलीकडचा दिवा त्यांना आपोआप दिसला असेल. पामरवर मराठीत अशी कादंबरी कुणी लिहिलेली मी वाचली नाही. लिहिली तर दिव्याची गरज नाही. १८१६ चा तो परवानगीचा कागद पुरे. हिरव्या दिव्याकडे बघणाऱ्याची निदान कीव येते. त्या कागदाकडे बघून कुणाच्या मनात काहीच येत नाही, आणि तोच जास्त घातक.

रेसिडेन्सीची डागडुजी होऊन आता ती पुन्हा देखणी झाली आहे. परवा मी बघायला गेले होते. सिंह जागच्या जागी आहेत. एका मुलीनं त्याला टेकून फोटो काढायला सांगितला, मी काढून दिला. तिच्या काखेत पुस्तकं होती. कुठली ते विचारलं नाही.

घरी येऊन वही काढली. सासूबाईंनी आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्यात. दरवर्षी पर्युषणात मी ती उघडते, मर्यादा ओलांडली नाही म्हणून समाधान मानते आणि मिटते. इतक्या वर्षांत एकदाही ओलांडली गेली नाही, कशी जाणार? या वेळी सोन्याच्या रकान्यातले ५० खोडले आणि २० लिहिले. आज घरात १८ तोळे आहेत. सासूबाई असत्या तर चष्मा पुसून म्हणाल्या असत्या, ‘अजून दोन तोळ्यांची फट ठेवलीसच की ग.’